संगणकाचे दूरनियंत्रण, घरगुती

एका ठिकाणी असलेल्या संगणकाचा पडदा दुसऱ्या ठिकाणच्या संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर पाहणे व तेथूनच त्या संगणकाचा कळफलक आणि माउस चालविणे, या क्रियेस संगणकाचे दूरनियंत्रण म्हणतात. व्यवहारात ‘रिमोट डेस्कटॉप’ किंवा ‘रिमोट अ‍ॅक्सेस’ ही नावे रूढ आहेत. ज्या संगणकाचा पडदा पाहिला जातो त्याला यजमान संगणक आणि ज्यावर तो पाहिला जातो त्याला दर्शक असे म्हणता येईल. आज्ञावली यजमान संगणकावरच चालते व कागदपत्रेही तेथेच राहतात. एका दिशेने पडद्याचे चित्र जाते आणि उलट दिशेने कळा दाबल्याचे व माउस हलविल्याचे संकेत येतात. त्यामुळे कामाचा सर्व भार घरच्या यंत्रावर पडतो आणि दर्शक म्हणून अगदी साधे उपकरणही पुरते.

यजमान संगणकाला समोर खुर्चीवर बसलेली व्यक्ती व दूरवरची व्यक्ती यांत भेद करता येत नाही. समोर बसणाऱ्यास जे जे करता येते ते सर्व दूरच्या व्यक्तीसही करता येते. या तंत्राची उपयुक्तता आणि त्याचा धोका ही दोन्ही या एकाच गुणधर्मातून निर्माण होतात. म्हणून दूरनियंत्रणाच्या उभारणीत दार कोण उघडतो आणि ते कोणाला बंद करता येते, हा प्रश्न यंत्राच्या निवडीपेक्षा महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत नोंदीत घरगुती संगणकाच्या दूरनियंत्रणाचा विचार मुख्यत्वे नवी मुंबईच्या संदर्भात केला आहे.

इतिहास : दूरच्या संगणकाचा पडदा पाहून काम करण्याचे गाजलेले पहिले प्रात्यक्षिक डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रॅन्सिस्को येथे केले. त्यांचा संगणक सु. ४८ किमी. अंतरावरील मेन्लो पार्क येथे होता. पडद्याचे चित्र सूक्ष्मतरंगांच्या साहाय्याने सभागृहात आणले होते व कळफलकाचे संकेत दूरध्वनीच्या तारांवरून जात होते. त्यानंतर विद्यापीठे व संशोधनसंस्था यांत एका मोठ्या संगणकाला अनेक अंत्ये जोडून त्याचा वेळ वाटून घेण्याची पद्धत रूढ झाली. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारातील डेकसिस्टीम-१० या संगणकावर अशा प्रकारे काम चाले. या अंत्यांवर फक्त अक्षरे दिसत.

चित्ररूप पडदा जाळ्यावरून दाखविण्याची ‘एक्स’ ही प्रणाली मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९८४ मध्ये तयार झाली. पुढे ऑलिव्हेट्टी व ओरॅकल या कंपन्यांच्या केंब्रिज येथील प्रयोगशाळेत ‘व्हीएनसी’ ही पद्धती विकसित झाली आणि १९९८ च्या सुमारास ती सर्वांना विनामूल्य उपलब्ध झाली. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने आपल्या विंडोज एनटी ४.० या प्रणालीच्या एका आवृत्तीत ‘आरडीपी’ ही पद्धती आणली व २००१ मधील विंडोज एक्सपीच्या व्यावसायिक आवृत्तीबरोबर ती वैयक्तिक संगणकांपर्यंत पोहोचली. मध्यस्थ सेवेच्या आधाराने चालणाऱ्या टीमव्ह्यूअर (२००५) व एनीडेस्क (२०१४) या दोन्ही कंपन्या जर्मनीत स्थापन झाल्या.

भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सेवा सर्वसामान्यांस खुली केली. तिच्या स्वस्त ‘शेल’ खात्यात ग्राहकाचा घरचा संगणक केवळ अंत्य म्हणून वापरला जाई. दूरध्वनीवरून जोडणी झाली की, निगमच्या संगणकाचा अक्षरी पडदा घरी दिसे आणि पत्रे वाचण्याचे काम त्या दूरच्या यंत्रावर होई. मुंबई परिसरातील अनेक कुटुंबांना दूरस्थ पडद्याची पहिली ओळख अशा रीतीने झाली. आजच्या घरगुती वापरात ही दिशा नेमकी उलटली असून घरचे यंत्र यजमान झाले आहे.

नवी मुंबईतील प्रसार : राज्य शासनाने १७ मार्च १९७० रोजी स्थापन केलेल्या सिडको या महामंडळाने नवी मुंबई वसविली. मुंबईवरील लोकसंख्येचा भार कमी व्हावा आणि लोकांना घराजवळ काम मिळावे, हा तिच्या आराखड्यामागील एक हेतू होता. प्रत्यक्षात वाशी, नेरूळ, खारघर इ. उपनगरांतील हजारो रहिवासी रोज हार्बर मार्गाने मुंबईस जात राहिले. दुसरीकडे ऐरोली, महापे व घणसोली येथे माहिती तंत्रज्ञानाची मोठी संकुले उभी राहिली आणि अन्य शहरांतील लोक तेथे कामास येऊ लागले. घर व कामाची जागा यांतील हे अंतर दूरनियंत्रणाच्या वापराचे एक प्रमुख कारण आहे. परगावी किंवा परदेशी गेलेल्या मुलांनी घरी राहणाऱ्या आईवडिलांच्या संगणकावरील अडचणी दुरून सोडविणे, हे दुसरे कारण होय.

२५ मार्च २०२० पासून देशभर लागू झालेल्या टाळेबंदीने या वापरास मोठी चालना मिळाली. तोपर्यंत कॉल सेंटर व तत्सम सेवा देणाऱ्या कंपन्यांना कर्मचाऱ्यांकडून घरून काम करून घ्यावयाचे असल्यास दूरसंचार विभागाच्या कडक अटी पाळाव्या लागत. अनामत रक्कम ठेवणे व अधिकृत सेवादात्याकडून खाजगी आभासी जाळे घेणे या त्यांपैकी होत. विभागाने १३ मार्च २०२० रोजी या अटी तात्पुरत्या शिथिल केल्या आणि ५ नोव्हेंबर २०२० रोजी नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर करून त्यांतील बहुतेक काढून टाकल्या. एरवी केवळ तंत्रज्ञांच्या परिचयाची असलेली ही पद्धती त्या वर्षी शाळकरी मुले, शिक्षक आणि हिशेबनीस यांच्याही हाती आली.

कार्यपद्धती : सामान्य पडद्यावर १,९२० × १,०८० म्हणजे २०,७३,६०० चित्रबिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी २४ द्विमान अंक लागतात, असे धरल्यास एका चित्रास सु. ४·९८ कोटी अंक लागतील. सेकंदास ३० चित्रे जशीच्या तशी पाठवावयाची झाल्यास दर सेकंदास सु. १४९ कोटी अंक पाठवावे लागतील. घरगुती जोडणीला हे शक्य नसते. म्हणून पडद्याचा जेवढा भाग बदलला तेवढाच पाठविणे व तोही संक्षिप्त करून पाठविणे, या दोन युक्त्या सर्व पद्धतींत वापरल्या जातात. लिहिताना एका वेळी एखादे अक्षरच बदलत असल्याने लेखन, हिशेब इ. कामांस दर सेकंदास १ ते २ मेगाबिट वेग पुरेसा होतो. चलच्चित्र पाहताना मात्र संपूर्ण पडदा सतत बदलतो व चित्र अडखळू लागते.

व्हीएनसी पद्धतीत तयार चित्राचे चौकोनी तुकडे पाठविले जातात, तर आरडीपी पद्धतीत शक्य तेथे चित्र कसे काढावे याच्या सूचना पाठविल्या जातात. घरातील माणसांच्या दृष्टीने या दोहोंतील आणखी एक फरक महत्त्वाचा आहे. व्हीएनसी व मध्यस्थ सेवा यांत साधारणपणे घरचा पडदा चालू राहतो, त्यामुळे दूरची व्यक्ती काय करीत आहे ते समोर बसलेल्यास दिसते. विंडोजमधील आरडीपीत घरचा पडदा कुलूपबंद होतो. आईवडिलांना एखादी गोष्ट शिकवावयाची असल्यास पहिला प्रकार सोयीचा, तर रिकाम्या घरातील संगणकावर खाजगी काम करावयाचे असल्यास दुसरा सोयीचा ठरतो.

वेगाइतकाच विलंबही महत्त्वाचा असतो. प्रकाशतंतूतून संकेत सेकंदास सु. २ लाख किमी. वेगाने जातात. नवी मुंबईहून पुण्यास संकेत जाऊन येण्यास तत्त्वतः १ ते २ मिलिसेकंद लागतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचे अंतर सु. १२,५०० किमी. असल्याने तेथपर्यंतच्या फेरीस किमान १२५ मिलिसेकंद लागतात आणि केबलचा वळणाचा मार्ग व वाटेतील यंत्रे यांमुळे हा काळ प्रत्यक्षात बराच वाढतो. त्यामुळे न्यू जर्सीतील मुलाला नेरूळच्या संगणकावर माउसचा बाण किंचित मागे राहिल्यासारखा दिसतो. हा दोष कोणत्याही आज्ञावलीने पूर्णपणे दूर होत नाही.

पत्त्याचा प्रश्न : बाहेरून घरच्या संगणकाशी जोडणी करण्यासाठी त्याचा इंटरनेटवरील पत्ता माहीत असावा लागतो. चौथ्या आवृत्तीच्या इंटरनेट संकेतात सु. ४२९ कोटी पत्ते आहेत. आशिया व पॅसिफिक विभागाचा त्यांतील मुक्त साठा एप्रिल २०११ मध्ये संपत आला व तेव्हापासून नवे पत्ते अत्यंत मर्यादित प्रमाणात मिळू लागले. त्यामुळे सेवादाते एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देतात. या व्यवस्थेसाठी २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होणारे पत्ते राखून ठेवण्यात आले. राउटरच्या बाहेरील बाजूस असा पत्ता दिसत असल्यास ते घर सामायिक पत्त्यामागे आहे, असे निश्चितपणे समजावे. एखाद्या गृहनिर्माण संस्थेचा पत्ता माहीत असावा पण घराचा क्रमांक माहीत नसावा, तशी ही स्थिती असते. घरातून बाहेर जाता येते, परंतु बाहेरून आलेल्यास नेमके दार सापडत नाही. या अडचणीतून तीन मार्ग निघतात.

(१) थेट मार्ग : सेवादात्याकडून कायम सार्वजनिक पत्ता विकत घेऊन किंवा सहाव्या आवृत्तीचा पत्ता वापरून राउटरमधील एक द्वार संगणकाकडे वळविणे. हा मार्ग सर्वांत वेगवान पण सर्वांत असुरक्षित आहे.

(२) मध्यस्थ मार्ग : यजमान व दर्शक हे दोघेही आपणहून एका मध्यस्थ सेवेशी जोडले जातात व ती सेवा त्यांची गाठ घालून देते. आतून बाहेर जाणारीच जोडणी असल्याने सामायिक पत्त्याचा अडथळा येत नाही. उभारणी अगदी सोपी असते, मात्र मध्यस्थावर विश्वास ठेवावा लागतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये एनीडेस्क कंपनीने आपल्या यंत्रणेत घुसखोरी झाल्याचे जाहीर करून ग्राहकांना संकेतशब्द बदलावयास सांगितले होते.

(३) खाजगी आभासी जाळे : आपली निवडक उपकरणे एका गुप्तलेखित बोगद्याने जोडून त्या बोगद्याच्या आतच आरडीपी किंवा व्हीएनसी वापरणे. मार्च २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट असलेली वायरगार्ड ही पद्धती यासाठी बरीच वापरली जाते. उभारणीस थोडे अधिक कष्ट पडतात, परंतु ज्या उपकरणाकडे किल्ली नाही त्याला घरचा संगणक दिसतही नाही. वारंवार वापरासाठी हा मार्ग सर्वांत योग्य होय.

उभारणी : प्रथम यजमान संगणकावर दूरनियंत्रणासाठी स्वतंत्र खाते काढावे व त्याला लांब संकेतशब्द द्यावा. या खात्यास प्रशासकाचे अधिकार देऊ नयेत. विंडोजच्या ‘होम’ आवृत्तीत आरडीपीचा यजमान होण्याची सोय नसते, ती ‘प्रो’ आवृत्तीत असते. होम आवृत्ती असल्यास व्हीएनसी किंवा मध्यस्थ सेवा वापरावी. मॅक संगणकात पडदा वाटून घेण्याची सोय अंगभूत असते. त्यानंतर वरील तीन मार्गांपैकी एकाची निवड करावी, ज्या उपकरणांना प्रवेश द्यावयाचा त्यांची यादी ठरवावी आणि शक्य तेथे दुहेरी ओळखपडताळणी चालू करावी. आपण होऊन झोपी जाण्याची संगणकाची सोय बंद करावी; अन्यथा काही वेळाने तो उत्तर देईनासा होतो.

चाचणी घरातील वायफायवरून घेणे हा सर्वत्र आढळणारा दोष आहे. त्या वेळी दोन्ही उपकरणे एकाच जाळ्यात असल्याने जोडणी सहज होते व बाहेर गेल्यावर ती होत नाही. म्हणून भ्रमणध्वनीचे वायफाय बंद करून त्याच्या स्वतःच्या इंटरनेटवरून चाचणी घ्यावी. तसेच यजमान संगणक चित्र पाठविणारा असल्याने घरच्या जोडणीचा बाहेर पाठविण्याचा वेग तपासणे आवश्यक असते. जाहिरातीत मोठा दिसणारा आकडा बहुधा आत येण्याच्या वेगाचा असतो.

वीजपुरवठा : बंद पडलेल्या संगणकाचे दूरनियंत्रण होत नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी १० वाजण्याच्या सुमारास पारेषण यंत्रणेतील बिघाडामुळे मुंबई, ठाणे व नवी मुंबई यांच्या मोठ्या भागाची वीज गेली आणि घरून काम करणाऱ्यांच्या जोडण्या एकाच वेळी तुटल्या. अशा प्रसंगासाठी वीज परत येताच संगणक आपोआप सुरू होईल, अशी तजवीज त्याच्या मूळ मांडणीत करता येते. राउटरला फारच थोडी वीज लागते. त्यामुळे त्याच्यासाठी लहान बॅटरीसंच ठेवल्यास अल्पकाळ वीज गेली तरी जोडणी टिकते. इमारतीतील सेवादात्याच्या उपकरणालाही वीज मिळत असणे मात्र आवश्यक असते.

झोपलेला संगणक जाळ्यावरून जागा करण्याचीही सोय आहे. यासाठी १०२ बाइटांचा एक विशिष्ट संदेश पाठवितात. त्यात प्रारंभी ठराविक ६ बाइट व पुढे त्या संगणकाच्या जाळेपत्रिकेचा ६ बाइटांचा क्रमांक १६ वेळा असतो. हा संदेश सहसा घरच्या जाळ्याबाहेरून आत येत नाही. त्यामुळे तो पाठविण्यासाठी राउटर किंवा दुसरे एखादे लहान यंत्र घरात सतत जागे ठेवावे लागते.

सुरक्षितता : थेट मार्गात आरडीपीचे ठरलेले द्वार (क्र. ३३८९) किंवा व्हीएनसीचे (क्र. ५९००) इंटरनेटवर उघडे राहते. अशी द्वारे शोधून त्यांवर संकेतशब्दांचा सतत मारा करणाऱ्या स्वयंचलित आज्ञावली जगभर चालू असतात. मे २०१९ मध्ये उघडकीस आलेल्या ‘ब्लूकीप’ या दोषामुळे तर जुन्या विंडोजमध्ये संकेतशब्द न देताही आरडीपीतून शिरकाव शक्य झाला होता. त्याचे गांभीर्य ओळखून मायक्रोसॉफ्टने आधार संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीही दुरुस्ती उपलब्ध करून दिली. द्वाराचा क्रमांक बदलल्याने मारा कमी होतो, पण धोका टळत नाही. घरगुती वापरात ही द्वारे थेट उघडू नयेत, असा सर्वसाधारण नियम आहे.

दुरुपयोग : तांत्रिक घुसखोरीपेक्षा सामान्य घरांत अधिक आढळणारा धोका निराळा आहे. त्यात दार घरमालकाकडूनच उघडून घेतले जाते. बँकेतून किंवा वीज कार्यालयातून बोलत असल्याचे भासवून दूरध्वनी केला जातो, एक आज्ञावली उतरवून घेण्यास सांगितले जाते व तिच्यावर दिसणारा नऊ किंवा दहा अंकी क्रमांक विचारला जातो. तो क्रमांक सांगून पडद्यावरील परवानगी दिली की, बोलणाऱ्यास भ्रमणध्वनीचा किंवा संगणकाचा पडदा दिसू लागतो. बँकेकडून आलेला एकवारी संकेतांकही त्याला वाचता येतो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना या प्रकाराबाबत सावध केले होते. ‘आज रात्री वीज तोडली जाईल’ अशा आशयाचे बनावट संदेश राज्यात पसरल्यावर महावितरणने २०२२ मध्ये ग्राहकांना त्यांपासून सावध राहण्याचे आवाहन केले. नवी मुंबईत घरगुती वीजपुरवठा महावितरणचाच असल्याने असा संदेश येथे सहज खरा वाटतो.

या फसवणुकीत वापरली जाणारी आज्ञावली बहुधा खरी व निर्दोषच असते. परदेशातील मुलगी आईला मदत करण्यासाठी जी आज्ञावली वापरते, तीच भामटाही वापरतो. त्यामुळे विषाणुरोधक आज्ञावलीकडून तिला अटकाव होत नाही. ज्या घरात मुलांनी अशी मदत करण्याची सवय लावली आहे, तेथील वृद्धांना क्रमांक विचारणारा दूरध्वनी परिचयाचा वाटण्याची शक्यता असते. यावर उपाय म्हणून दूरध्वनी आपण केलेला असल्याशिवाय क्रमांक कोणासही सांगू नये; दूरची जोडणी चालू असताना बँकेचे खाते उघडू नये; आणि काम संपताच आज्ञावली बंद करावी, असे तीन नियम घरातील सर्वांना समजावून द्यावेत. शंका येताच राउटरची कळ बंद करावी व भ्रमणध्वनीचे इंटरनेट तोडावे. जोडणी त्याच क्षणी तुटते. ही गोष्ट तंत्रज्ञान न जाणणाऱ्यासही करता येते, म्हणून ती संगणकाजवळ कागदावर लिहून ठेवणे हिताचे असते.

कायदा : माहिती तंत्रज्ञान अधिनियम १७ ऑक्टोबर २००० रोजी अंमलात आला. मालकाच्या परवानगीविना संगणकात प्रवेश करणे हे त्याच्या कलम ४३ नुसार नुकसानभरपाईस पात्र कृत्य आहे व ते अप्रामाणिक हेतूने केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसविणे हा कलम ६६ घ खालील गुन्हा आहे.

फसवणूक झालेल्या ग्राहकाची स्थिती मात्र नाजूक असते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने, बँक व ग्राहक या दोघांचाही दोष नसताना झालेले नुकसान ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविल्यास त्याच्यावर भार पडू नये असे ठरविले. तथापि ग्राहकाने गुप्त संकेतांक दुसऱ्यास देण्यासारखा निष्काळजीपणा केला असल्यास बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान त्यानेच सोसावयाचे असते. पडदा दुसऱ्याच्या हाती देणे या वर्गात मोडू शकते, म्हणून कळविण्यातील प्रत्येक तास मोलाचा असतो. तक्रारीसाठी १९३० हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे. त्यावर त्वरित कळविल्यास ती रक्कम पुढील खात्यांतून काढली जाण्यापूर्वीच रोखून धरण्याचा प्रयत्न करता येतो. राज्य पोलिसांच्या ‘महाराष्ट्र सायबर’ या विभागाचे मुख्यालय नवी मुंबईतील महापे येथे आहे. [⟶ दूरनियंत्रण; संगणक].